शेऱ्याचा रकाना

येडगाव, ता. जुन्नर
९ मार्च २०२५

चि. अमृतास,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र लिहायला फार उशीर केला, त्याबद्दल माफ कर. दिवाळीत तू मोबाइलवर "आप्पा, काही दिवस फोन करू नका" एवढंच लिहून पाठवलंस. मला राग आला. म्हटलं, आता ही लिहील तेव्हाच आपण लिहू. त्याला चार महिने झाले. तू लिहिलं नाहीस आणि मीही लिहिलं नाही. राग अजून आहे. फक्त आता गप्प बसवत नाही.

तुझी आई रोज विचारते, अमृताचा फोन आला का. मी सांगतो की तिला काम आहे. ती म्हणते, "काम तर मलाबी हाय. मी काय बोलायची बंद झाली का?" तिला काय उत्तर देऊ, ते तूच सांग.

मी लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. डिसेंबरात धाकटा राजरत्न चाकणहून घरी आला होता. त्याने मोबाइलवर तुझ्या पाण्याच्या लेखाचा आकडा काढून दाखवला. दसऱ्याला एकशे चौसष्ट हवाले होते, ते दोनशे बारा झाले. जगात कोणी नवीन लेख लिहितो तेव्हा आधीच्या ज्या लेखांची नावं घेतो त्यांना हवाले म्हणतात, हे तूच मला शिकवलंस. जितके हवाले जास्त तितका लेख मोठा, हेही तूच म्हणालीस. तुझे सगळे मिळून सव्वीस लेख, आणि त्यातला हा आपल्या तालुक्यातल्या पाण्याचा लेख सगळ्यात पुढे. मी अर्धा किलो पेढे आणले. संपतच्या सलूनमध्ये वाटले, डेअरीवर वाटले. संपत म्हणाला, "काय आप्पा, पोरगी परदेशात चालली का काय?" मी म्हटलं, "ती कशाला जातीय? परदेश तिच्याकडं यायलाय."

असं बोललो मी, भरल्या सलूनमध्ये.

त्यानंतर आठ दिवसांनी एक मुलगा मोटारसायकलवर आला. मोहित नाव. संगमनेरकडचा, पुण्यात संशोधन करतो. आणे गावच्या पठारावर विहिरी शोधत फिरत होता. तिथल्या कुंडलिकने त्याला सांगितलं की त्या लेखासाठी विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या येडगावचे हनुमंत रोकडे भरायचे, त्यांना विचारा. मी त्याला अंगणात बसवलं, चहा दिला, उरलेला पेढा दिला. त्याने तुझ्या लेखाचा विषय काढला म्हणून मी आकडा सांगितला. पेढा त्याच्या हातातच राहिला.

तो म्हणाला, "आजोबा, आकडा खरा आहे. पण यातले निम्मे लोक ताईंचं नाव चूक दाखवायला घेतायत. ते म्हणतात, आम्ही तसंच करून पाहिलं, आमच्याकडे तसं होत नाही."

"मग आकडा का वाढतोय?"

"आकड्याला ते कळत नाही. नाव घेतलं की एक धरतात. चांगलं म्हणून घेतलं काय नि वाईट म्हणून घेतलं काय."

अमृता, हे तुला दिवाळीतच माहीत होतं. म्हणूनच फोन बंद केलास ना? मग मला एक ओळ लिहायची होतीस, की आप्पा, आकडा वाढला तरी पेढे वाटू नका. आता संपत रोज विचारतो, "आज कितीवर गेलं आप्पा?" मी मान हलवतो आणि दाढी न करताच उठतो.

त्या मुलाने पुढे विचारलं, "उन्हाळ्यात त्या विहिरींना पाणी कुठून येतं?"

मी म्हटलं, "टँकरनं. दुसरं कुठनं येणार?"

त्याने पेन खाली ठेवलं. परत विचारलं. मी परत सांगितलं, की पठारावरच्या विहिरी मार्चअखेर आटतात, मग आपल्या धरणावरून टँकर भरून जातो, विहिरीत पाणी सोडतो आणि बाया ते शेंदतात. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी चिडलो. म्हटलं, "बाळा, तुला ऐकू कमी येतं का?" तो उठला. नमस्कार करून गेला.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मी काय चुकीचं बोललो ते मला सांग. जे आहे तेच सांगितलं. तुझ्यासाठी दोन उन्हाळे मी गुडघे धरत आण्याचा घाट चढलो, आणि प्रत्येक बाटली माझ्या हाताने विहिरीतून भरली. त्यात लबाडी नाही.

उत्तर पाठव.

तुझा,
आप्पा


येडगाव
६ एप्रिल २०२५

अमृता,

आज आशीर्वाद लिहीत नाही.

काल राजरत्न आला. मोहितने टँकरचं उघड केल्यावर मासिकाने तुझ्या लेखाखाली तू लिहिलेली दुरुस्ती छापली आहे, ती त्याने इंग्रजीतून वाचून मराठीत सांगितली. मी त्याच्याकडून तीन वेळा वदवून घेतली आणि कागदावर उतरवली. ती अशी: "उन्हाळ्यात या विहिरींमध्ये बाहेरचे पाणी सोडले जात होते, ही माहिती नमुने गोळा करणाऱ्या स्थानिक व्यक्तीने संशोधकांना दिली नव्हती."

स्थानिक व्यक्ती म्हणजे मी. लेख छापला तेव्हा शेवटी आभारात "स्थानिक व्यक्तीचे सहकार्य" असं लिहिलं होतंस. तेव्हाही नाव नव्हतं. मी विचारलं तर म्हणालीस, "आप्पा, तशी पद्धत असते." मी मानलं. आता चुकीच्या जागीही तीच स्थानिक व्यक्ती. ही कसली पद्धत आहे? आभार मानताना बापाचं नाव नाही, आणि ठपका ठेवताना बाप आहे हेसुद्धा सांगायचं नाही!

आणि माहिती दिली नव्हती म्हणजे काय?

मी सातवी शिकलेला माणूस आहे. पण एकतीस वर्षं कुकडीच्या कालव्यावर पाटकरी होतो. कोणत्या चारीला किती वाजता पाणी सोडलं, किती वाजता बंद केलं, ते रोज लिहायचो. आमच्या रजिस्टरला शेवटचा रकाना शेऱ्याचा. शाखा अभियंता यायचे ते आधी तोच रकाना बघायचे. रिकामा दिसला की म्हणायचे, "रोकडे, दिवसभरात काहीच घडलं नाही? मग तुम्ही तिथं होता कशावरून?" त्या धाकाने मी एकतीस वर्षांत शेरा कधी रिकामा सोडला नाही. काहीच नसलं तर "कालव्यात मेलेले कुत्रे वाहून आले, काढले" असं तरी लिहायचो.

तू हैदराबादेत नवीन होतीस. संस्थेकडून पैसे मिळाले नव्हते. म्हणालीस, "आप्पा, तुम्ही भराल का बाटल्या?" मी लगेच हो म्हटलं. चार विहिरी, दर महिन्याला चार बाटल्या. मी कार्बन घालून वही केली. वरचा कागद बाटल्यांसोबत तुला, खालचा माझ्याकडे. तुझ्याकडे ते सगळे कागद आले आहेत. त्यावर काय लिहिलं होतं ते तुला आठवत नसेल, तर मी माझ्या वहीतून उतरवतो.

"१८ एप्रिल २०१६. विहीर क्र. ३. वेळ सकाळी १०. शेरा: टँकर नऊ वाजता सोडला. कुंडलिकच्या म्हशीला रेडी झाली. दोरीवरून बायांची भांडणे, सरपंचाने मिटवली."

"१६ मे २०१६. विहीर क्र. १. वेळ सकाळी ११. शेरा: दोन टँकर. चालक सोपान नवीन आहे, मागे घेताना कठडा पाडला. ऊन फार. एसटी आली नाही."

टँकर लिहिलं आहे की नाही? दोन उन्हाळ्यांत एकोणीस ठिकाणी लिहिलं आहे. मी चष्मा लावून मोजलं.

यावर तू काय म्हणाली होतीस ते तुला आठवतं का? मला आठवतं. २०१६ च्या जूनमध्ये तुझा फोन आला. तू हसत होतीस.

"आप्पा, ते शेऱ्यात काय काय लिहिता तुम्ही! म्हशी नि भांडणं. आमच्या लॅबमधली मुलं मला विचारतात, हे काय आहे म्हणून."

मी म्हटलं, "अगं, घडलं ते लिवलं."

"मला फक्त विहीर, तारीख आणि वेळ लागते. बाकीचं मी वाचतही नाही. उगाच कशाला हात दुखवून घेता?"

मला वाईट वाटलं, पण लिहायचं थांबलो नाही. रकाना रिकामा ठेवणं माझ्या हाताला जमत नाही. तू वाचलं नाहीस. चार कामाचे शब्द म्हशीच्या आणि भांडणाच्या मध्ये होते, हे मी मान्य करतो. पण ते होते! दिलं नव्हतं आणि वाचलं नव्हतं यात फरक आहे, आणि तुझ्याइतकं शिकलेल्या माणसाला तो कळतो.

मला तर वाटलं होतं, तुला टँकरचं माहीतच आहे. आण्याला उन्हाळ्यात टँकर येतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण तू वाढलीस येडगावात, धरणाच्या काठाला. तुला पाणी कधी शेंदावं लागलं नाही. टँकर यायची वेळ तुझ्यावर आली नाही. हे माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं, आलं नाही. उन्हाळ्यात पाणी खारट व्हायच्या जागी गोड का होतं, याचं कारण तू पठारावरच्या पांढऱ्या मुरमात शोधलंस. मुरूम उन्हात क्षार धरून ठेवतो असं लिहिलंस. मला एकदा विचारलं असतंस, तर मी एका शब्दात सांगितलं असतं.

त्या लेखावरून एका संस्थेने आण्याला विहिरीजवळ मुरमाचा ड्रम बसवला. वरून पाणी ओतायचं, खालून गोड निघणार. मागच्या आठवड्यात मी तिकडे गेलो होतो. कुंडलिकने मला बघितल्याबरोबर हाक मारली, "या पावणं! पोरीच्या ड्रमाचं पाणी घ्या. आधी नुसतं खारट व्हतं, आता खारट नि गढूळ झालंय. लई प्रगती हाय!" सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. दोन वर्षं लोक तिथे पाणी ओततायत, अमृता. पुस्तकातली चूक पुस्तकात राहत नाही.

मी वही नीट ठेवली आहे. सगळ्या बाटल्या विहिरीतल्याच होत्या, हे परत एकदा लिहितो. तू ती दुरुस्ती मागे घे.

हनुमंत रोकडे


येडगाव
२७ एप्रिल २०२५

चि. अमृतास,
आशीर्वाद.

मागच्या पत्रात आशीर्वाद लिहिला नाही, ते मनाला लागून राहिलं. म्हणून आज लिहिला. राग गेला असं समजू नकोस.

तुझं उत्तर नाही. पण राजरत्नशी तू बोललीस, हे मला कळलं. जयंतीला तो आला तेव्हा तुझा निरोप घेऊनच आला होता. मिरवणूक संपली, लोक जेवले, आणि तो मला घरामागे घेऊन गेला.

"आप्पा, ती वही कुठं हाय?"

"का?"

"मोहितनं ताईला कळवलंय, की तुमच्याकडं कार्बनची वही हाय आन् तो ती बघनार हाय. ती मासिकाकडं गेली तर अख्खा लेख मागं घेत्यात. वर ताईनं दुरुस्तीत खोटं लिवलं म्हनून चौकशी. जूनमंदी तिची प्रोफेसर व्हायची मुलाखत हाय. सगळं जाईल."

"मग मी काय करू?"

"फाडून टाका. नायतर मला द्या, मी जाळतो."

मी म्हटलं, "हे अमृता बोलली?"

तो जमिनीकडे बघत राहिला. म्हणाला, "ती रडत व्हती." म्हणजे बोललीस की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. तू बोलली असशील तर मला ते सहन होणार नाही. आणि तू बोलली नसशील, तर तसं मला सांग.

आमचा आवाज ऐकून तुझी आई बाहेर आली. तिला सगळं सांगावं लागलं. ती राजरत्नला म्हणाली, "तुज्या बापाचं एकतीस वर्साचं रजिस्टर कुनी खोटं म्हनलं न्हाई. आता पोटची पोर म्हनतीय, आन् तू काडी घिऊन आलायस व्हय?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आन् तुमी! लई घाई व्हती पेढ्यांची!" आणि आत निघून गेली. तेव्हापासून ती माझ्याशीही धड बोलत नाही.

मोहितचा फोन त्याआधीच येऊन गेला होता, तेव्हा वहीचं मीच त्याला सांगितलं होतं. चांगला मुलगा आहे, त्याच्यावर माझा राग नाही. तो म्हणाला, "आजोबा, वही दाखवलीत तर तुमच्यावरचा ठपका जाईल. तुम्ही प्रत्येक गोष्ट लिहून ठेवली होती, हे सगळ्यांना कळेल." मी त्याला ५ मे, सोमवारी बोलावलं आहे.

प्रत्येक गोष्ट, असं तो म्हणाला. ते ऐकल्यापासून मला झोप लागत नाही. म्हणून हे पत्र.

मी दोन पत्रांत लिहिलं, की सगळ्या बाटल्या विहिरीतल्या होत्या. तसं नाही. २२ मे २०१७ च्या चार बाटल्या विहिरीतल्या नाहीत. त्या दिवशी गुडघा सुजला होता. एसटीची वाट बघत आळेफाट्यावर साडेतीन तास उभा होतो. गाडी आली नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरी परत निघालो तर धरणावर आण्याचाच टँकर भरत होता, सोपानच गाडीवर होता. मी विचार केला, हेच पाणी तासाभराने त्या विहिरीत पडणार आहे. वर जाऊन भरलं काय आणि इथे भरलं काय. चारही बाटल्या तिथेच नळीखाली भरल्या आणि त्यांना विहीर एक, दोन, तीन, चार अशा चिठ्ठ्या लावल्या. वेळ अंदाजाने टाकली.

त्या दिवशीचा शेरा माझ्या वहीत रिकामा आहे. जन्मात रिकामा सोडलेला तो एकच. काय लिहावं ते सुचलं नाही. खोटं लिहायला हात होईना आणि खरं लिहायची लाज वाटली. तुझा महिना चुकला असता तर तुझं काम अडलं असतं, असं मनाला सांगितलं. पण खरं म्हणजे तू मला म्हातारा म्हणू नयेस, दुसरा माणूस लावू नयेस, म्हणून मी ते केलं.

आणि त्याच महिन्यात तुझा फोन आला होता, की आप्पा, यंदा चारही विहिरींचे आकडे तंतोतंत जुळले, आता खात्री झाली, लेख लिहायला घेते. मी काय म्हणालो? "छान झालं" म्हणालो. चारही बाटल्या एका नळीच्या होत्या, जुळणार नाहीत तर काय! त्या क्षणी सांगता आलं असतं. आठ वर्षं सांगितलं नाही. तू इतक्या आनंदात होतीस, की तो मोडणं माझ्या जिवावर आलं.

तेव्हा तुझी दुरुस्ती एकोणीस ठिकाणी खोटी आहे आणि एका ठिकाणी खरी आहे. त्या एका ठिकाणासाठी तू मला काय वाटेल ते बोल. मी ऐकून घेईन. पण त्या एकाच्या आड बाकीचे एकोणीस लपवायचे, हे मी होऊ देणार नाही. आणि त्या एकोणिसांच्या आड माझं हे एक लपवायचं, तेही नको. मोहितला वही दिली की मी स्वच्छ निघतो आणि तू एकटी बुडतेस. वही फाडली की तू वाचतेस, आणि आण्याचे लोक त्या ड्रमात पाणी ओतत राहतात. मला दोन्ही नको आहे.

मी वही फाडणार नाही. हे राजरत्नला सांगितलं आहे, तुलाही सांगतो. पण मोहित येण्याआधी तू स्वतः मासिकाला लिही. टँकरची नोंद कागदांवर होती, ती आम्ही वाचली नाही, असं लिही. लेख मागे घ्यायचा तर तूच घे. दुसऱ्याने ओढून घेतला असं व्हायला नको. जूनची मुलाखत जाईल. मला कळतं ते. तुझे बाकीचे पंचवीस लेख आहेत, त्यांत माझ्या बाटल्या नाहीत. त्यांचा आकडा लहान असला तरी तो तुझा आहे. आणि नाहीच काही झालं, तर सातवी शिकलेल्या पाटकऱ्याची पोर इथवर आली, तिला पुढचं पाऊल कोणी शिकवायला नको.

आणि माझंही त्यात लिही. २२ मेच्या बाटल्या विहिरीतून भरल्या नव्हत्या, असं स्पष्ट लिही. पण या वेळी "स्थानिक व्यक्ती" लिहू नकोस. माझं पूर्ण नाव लिही, हनुमंत सखाराम रोकडे, निवृत्त पाटकरी, येडगाव. चूक माझी आहे तर ती माझ्या नावावर छापून येऊ दे. आभारात नाव घालायची पद्धत नसेल. चुकीत घालायला तरी तुला कोणी अडवणार नाही.

मी फोन करत नाही, तू नको म्हणाली आहेस. हे पत्र उद्या नारायणगावला जाऊन स्पीड पोस्टने टाकतो, म्हणजे गुरुवार-शुक्रवारपर्यंत तुला मिळेल. लिहिणार की नाही, एवढंच कळव. रागावलेली असशील तर रागाने कळव. आईच्या मोबाइलवर एक अक्षर टाकलंस तरी चालेल. पण सोमवारच्या आत कळव, बाई. मोहितची मोटारसायकल दारात उभी राहील, तेव्हा मला त्याला काहीतरी सांगावं लागेल.

तुझी वाट बघणारा,
आप्पा